उज्ज्वला जोग इथेच राहतात का?

उज्ज्वलाताई जोग प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलत नसत. मग तो प्रश्न नळाला पाणी किती वाजता येतं हा असो, की काल तुम्हाला झोप नीट लागली का हा असो. चेहरा तुमच्याकडे, मान किंचित डावीकडे, हातातली पिशवी स्थिर. समोरच्याला आधी वाटायचं, यांना काही घाई नाही. मग वाटायचं, आता आपणच पळ काढावा.

आमची ओळख या सवयीतूनच झाली. वारज्यात माझ्या वडिलांनी बांधलेलं छोटं घर आहे. खाली मी आणि माझी बायको मधुरा राहतो. वर एक खोली आणि स्वयंपाकघर, त्याला बाहेरून जिना. आधीचा भाडेकरू गेल्यावर मी फाटकाला पाटी लावली होती, ती वाचून एका एप्रिलच्या दुपारी या आल्या. पन्नाशी बरीच ओलांडलेली, पंजाबी ड्रेस, जाड तळाच्या चपला, एक गुडघा जपत पाय टाकणं. मी घरूनच काम करतो. हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून मी त्यांना वर घेऊन गेलो.

"खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तापत असेल खोली?"

"हं."

"आणि पावसाळ्यात गळतं का?"

"हं," मी फोनवरचा निरोप वाचत म्हणालो.

त्या बोलायच्या थांबल्या. मी मान वर केली तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"अहो, 'हं' हे उत्तर नाही. तो श्वास आहे. गळतं की नाही?"

"नाही गळत."

"बघा, जमलं."

खोली त्यांना आवडली. किती जण राहणार, असं विचारल्यावर "मी" म्हणाल्या. मी चाचरत विचारलं, "आणि मिस्टर?"

"आहेत की. ठणठणीत आहेत. शनिवार पेठेत."

मी भाडं सांगितलं. संध्याकाळी मधुराला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "बाई कशा वाटल्या?" मी म्हणालो, जरा भांडखोर वाटल्या. मधुरा म्हणाली, "मग दे त्यांना खोली." हे उत्तर मला तेव्हा कळलं नाही.

त्या शनिवार पेठेतल्याच एका कानाच्या दवाखान्यात कामाला होत्या. लोकांना ऐकू किती येतं ते तपासायचं आणि श्रवणयंत्र बसवून द्यायचं, हे काम त्यांनी पंचवीसेक वर्षं केलं होतं. म्हणजे घरापासून चालत सात मिनिटांवरची नोकरी असताना, ही बाई घर सोडून वारज्यात आली होती आणि रोज बसने परत त्याच पेठेत जात होती. आमच्या रस्त्यावरच्या गिरणीत सखूबाई बसतात, त्या इथल्या मूळच्या. त्यांनी मला दळणाचा डबा देताना सरळच विचारलं, "नवरा हाय, घर हाय, लेक नागपुरात सुखात हाय. आन बाई भाड्यानं ऱ्हाती? काय भानगड हाय वो?" मी म्हणालो, मला माहीत नाही. ते खरंच होतं.

मला ते कळलं एका गुरुवारी. गुरुवारी आमच्याकडे वीज जाते. पेठेतही जात असल्याने दवाखाना त्या दिवशी बंदच असायचा. इंटरनेट नाही म्हणून मी नाइलाजाने बाहेर ओट्यावर बसलो होतो. मधुराच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. उज्ज्वलाताईंनी वरून चहा करून आणला आणि स्वतःच विषय काढला.

"तुम्ही दोघं विचारत नाही, ही तुमची सभ्यता. पण तुम्ही विचारत नाही म्हणून मला सांगता येत नाही, ही माझी पंचाईत," त्या म्हणाल्या. "जोग वाईट नाहीत हो." नवऱ्याला त्या नेहमी आडनावाने संबोधायच्या. "पीत नाहीत, ओरडत नाहीत. आजारी पडले तर माझं डोकं चेपून देतील. फक्त बोलत नाहीत. मी दवाखान्यातून आले, हे झालं, ते झालं, सगळं सांगते, हे पेपर वाचतायत. 'हं'. जेवताना 'हं'. एकदा मी म्हटलं, अहो, आज मी बसखाली येता येता वाचले. 'हं. आमटी वाढ.' खोटंच सांगितलं होतं मी. वाचले वगैरे काही नाही. बघायचं होतं."

मधुरा हसली नाही. मी थोडा हसलो होतो, तो थांबलो.

"मग मला वाटलं, यांना ऐकू येत नसणार. आमच्याकडे येतात ना बायका तक्रार घेऊन, हे लक्षच देत नाहीत म्हणून. तपासावं तर कान गेलेले असतात बिचाऱ्याचे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढी वर्षं उगीच चिडत होते, साधं कानाचं दुखणं आहे. जोगांना दवाखान्यात घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. बारीक बारीक शिट्टीसारखे आवाज सोडायचे, ऐकू आलं की त्यांनी बटण दाबायचं. एक आवाज चुकवला नाही. मला स्वतःला ऐकू येणार नाहीत असले आवाज त्यांनी ऐकले."

त्यांनी कप ओट्यावर ठेवला.

"मग शब्दांची तपासणी असते. मी बाहेरून माइकवर शब्द म्हणायचा आणि आतल्या माणसाने तोच परत म्हणायचा. मी म्हटलं, 'खिडकी'. जोग म्हणाले, 'खिडकी'. 'साखर'. 'साखर'. 'भाकरी'. 'भाकरी'. माझ्याकडे बघून, स्पष्ट, एकेक शब्द. मधुरा, मी बोलतेय आणि समोरून लगेच उत्तर येतंय, असं घरात कधी झालं होतं ते मला आठवेना. मी यादी संपवली तरी थांबले नाही. आवाज कमी कमी करत गेले. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हटलं, 'उज्ज्वला'. आणि आतून जोग म्हणाले, 'उज्ज्वला'."

"मग?" मधुराने विचारलं.

"मग काय. रिपोर्ट लिहिला. दोन्ही कान उत्तम. टेबलावर डोकं ठेवून रडले. डॉक्टर म्हणाले, बाई, रिपोर्ट चांगला आलाय ना? म्हटलं, तेच तर." त्यांनी कप उचलले. "चार दिवसांनी तुमची पाटी वाचली."

वीज आली. मी आत जाऊन हेडफोन लावले. पण त्या दिवशी मीटिंगमध्ये कोण काय बोललं, ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी चारच्या सुमारास फाटकाशी एक गृहस्थ उभे दिसले. उंच, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"उज्ज्वला जोग इथेच राहतात का?" त्यांनी विचारलं. पोस्टमन विचारेल तसं.

मी जिना दाखवला. वर दार उघडल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ उज्ज्वलाताईंचा.

"स्वेटर? मे महिन्यात?"

"राहिला होता," जोग म्हणाले.

पंधरा मिनिटांत ते परत गेले. पुढच्या रविवारी छत्री घेऊन आले. त्यानंतर किसणी, चष्म्याची जुनी घरं, देवाजवळची छोटी घंटा. एका वेळी एकच वस्तू. सगळं एकदम आणलं असतं तर रिक्षाच्या एका फेरीत झालं असतं, हे मला कळत होतं, तर ते उज्ज्वलाताईंना कळत नसेल असं नाही. पण त्यांनी कधी "उरलेलं एकदमच आणा" म्हटलं नाही. पंधरा मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन झाले. आणि पावसाळ्यात कधीतरी आमच्या छतातून खाली हसण्याचा आवाज यायला लागला. दोघांच्या. जोग काहीतरी सांगत होते. त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये कोण अडकलं, त्यांच्या हाताने केलेल्या पोह्यांचं काय झालं. आवाज स्पष्ट यायचा. आम्ही खाली चहा पीत असायचो. मधुरा कप हातात धरून वर बघायची.

"काय बोलतात इतकं?" मी एकदा म्हणालो.

"काहीही नाही," ती म्हणाली. "पोह्यांबद्दल बोलतायत."

उज्ज्वलाताईंचा स्वतःचाच यावर विश्वास बसत नव्हता. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, काल जोगांनी मला विचारलं, तुझ्या दवाखान्यातली ती नवी मुलगी टिकली का? म्हणजे मी तिच्याबद्दल बोलत होते तेव्हा यांनी ऐकलं होतं! सगळं ऐकलेलं आहे, मंदार. सगळं. मग तेव्हा का नाही बोलले?"

मी म्हणालो, "विचारा की त्यांनाच."

"विचारलं. म्हणाले, 'तू सांगत होतीस ना.'" त्यांनी कपाळाला हात लावला. "आता यावर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. पुरुषमाणूस आहात."

जोगांना मी विचारलं. एकदा ते लवकर आले होते आणि उज्ज्वलाताई बाजारातून परतल्या नव्हत्या, तेव्हा ओट्यावर माझ्याशेजारी बसले. आम्ही दोघं बराच वेळ रस्त्याकडे बघत होतो. मला ते अवघड वाटलं नाही, त्यांनाही नसावं. मग मी म्हणालो, "काका, इथे तुम्ही छान गप्पा मारता."

"हो. आठवडाभर साठतं ना," ते म्हणाले. "घरी काय सांगायचं? ती असायचीच. असलेल्या माणसाला काय सांगायचं असतं?"

मला ते पटलं. पूर्णच पटलं. आणि नंतर आत गेल्यावर आपल्याला ते इतकं का पटलं, या विचाराने कसंतरीच झालं.

दिवाळीच्या आधी जोगांनी "आता घरी चल" म्हटलं. उज्ज्वलाताईंनी खोली सोडली नाही, पण आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या. मधुराने त्यांना चिवड्याचा डबा दिला, मी बॅग रिक्षात ठेवली. जाताना नव्या नवरीसारख्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "बहुधा मी परत येईन ती सामान न्यायलाच."

पाचव्या दिवशी सकाळी त्या परत आल्या. बॅग स्वतःच ओढत जिना चढायला लागल्या, तेव्हा मी धावलो. मधुरा शाळेत गेली होती. त्या पायरीवरच बसल्या.

"पहिल्या दिवशी बोलले. दुसऱ्या दिवशी निम्मं. तिसऱ्या दिवशी पेपर." त्या गुडघा दाबत होत्या. "पण ते नाही हो. जोगांचं सोडा. मीही गप्प होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की मला सांगायला काही नव्हतंच. दिवसभर एकमेकांसमोरच तर होतो. मी टीव्ही लावला. मी, बरं का. जोगांनी नाही. तेव्हा मला भीती वाटली. अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं चूक त्यांची आहे. एवढं एक तरी मला नक्की माहीत होतं. आता तेही नाही."

मी म्हणालो, "पाणी आणू?"

"आणा," त्या म्हणाल्या. पाणी प्यायल्या आणि वर गेल्या. पुढचे दोन रविवार जोग आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, सोबत एक पोळपाट. वर दार उघडायला जरा वेळ लागला, पण उघडलं.

आमच्या घरात त्याच सुमारास जे झालं ते सांगितल्याशिवाय उज्ज्वलाताईंबद्दलचं माझं सांगणं अर्धवट राहील. आम्ही जेवत होतो. मी एकीकडे लॅपटॉपवर कुणाचीतरी चूक दुरुस्त करत होतो. मधुरा म्हणाली, "मंदार, आज सकाळपासून मी तुला काय काय सांगितलं?"

मी विचार केला. सकाळी दुधाचं काहीतरी होतं. शाळेतल्या कुणाचंतरी नाव होतं. 

"तसं नाही हां, एकदम विचारलंस तर कसं आठवणार?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. चिडली नाही. ताट उचलून आत गेली आणि नळ सोडला. मी तिच्या मागे जाऊन "काय सांगितलंस ते परत सांग ना" असं म्हणालो, तर ती म्हणाली, "आता नको. आता मलाही आठवत नाही." भांडण झालं असतं तर मला कळलं असतं की काय करायचं. दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं होतं. तेच मला खटकत राहिलं; आपल्या घरात नेहमी हे असंच असतं की काय?

मी वर गेलो. उज्ज्वलाताई मेथी निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू?

"मला विचारताय?" त्यांनी मेथीची काडी माझ्यावर रोखली. "मला माहीत असतं तर मी तुमच्याकडे भाड्याने राहिले असते का?"

मी उठायला लागलो.

"बसा. निवडायला लागा." मी जुडी सोडली. थोड्या वेळाने त्या जरा खालच्या सुरात म्हणाल्या, "एवढंच सांगते, की ती एकटी आहे हे ती कुणाला सांगू शकत नाही. मी कुणाला सांगणार होते? आई म्हणाली असती, मारतो का? नाही. मग? नवरा नसलेल्या बाईला एकटं वाटलं तर लोक चहाला बोलावतात. नवरा शेजारी बसलेला असताना एकटं वाटलं, तर बाईचंच काहीतरी बिघडलंय म्हणतात. मलाही तसंच वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलंय. काहीही बिघडलेलं नसतं. आणि तरी असह्य होतं. का, ते मला अजून कळलेलं नाही."

त्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा फार दुखायला लागला. बसची चढउतार जमेना, जिना जमेना. आम्हाला वाटलं, आता त्या नाइलाजाने घरी परत जाणार. त्या गेल्याच, पण मग जे झालं ते गिरणीतल्या सखूबाईंना समजावून सांगणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. जानेवारीत एके दिवशी जोग आले ते रिक्षाभर स्वतःचं सामान घेऊन. उज्ज्वलाताईंचं सामान त्याच रिक्षात चढलं.

"तिचा दवाखाना आमच्या घराजवळ आहे," जोग मला म्हणाले. "तिने कशाला बस बदलत फिरायचं? मी राहतो इथे. मला कुठे जायचं असतं?"

"अहो, पण काका, दोघं तिथेच..."

"नाही, नाही," दोघंही एकदम म्हणाले. आणि एकमेकांकडे बघून हसले.

मग वर्षभर जोग आमचे भाडेकरू होते आणि दर रविवारी जिन्याखाली रिक्षा थांबून उज्ज्वलाताई उतरायच्या. जोग खाली येऊन त्यांना हाताला धरून वर न्यायचे. दोघं सुखी होते का? मला सांगता येणार नाही. एखाद्या रविवारी त्यांचा वादही ऐकू यायचा. एकदा त्या रागारागाने अर्ध्या तासात परत निघाल्या आणि जोग फाटकाशी कितीतरी वेळ उभे होते. पण पुढच्या रविवारी त्या आल्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि लेकीने दोघांना नागपूरला बोलावून घेतलं. तिने आपल्याच इमारतीत एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन खोल्या बघितल्या. आईबापांची ही तऱ्हा तिने कशी समजून घेतली कोण जाणे. जायच्या आदल्या दिवशी जोगांचं शेवटचं सामान पोचवायला मी शनिवार पेठेत गेलो. घर रिकामं झालं होतं. जोग खाली टेम्पोवाल्याशी बोलत होते. उज्ज्वलाताई खिडकीच्या कठड्यावर बसल्या होत्या, पाय लांब करून.

"मग सुटलं म्हणायचं का शेवटी?" मी विचारलं.

"काय सुटलं? काही सुटलेलं नाही. बेल वाजवून आले की बोलतात. मीही बेल वाजवून गेले की बोलते. त्याच्या अलीकडचं पलीकडचं मला काही माहीत नाही. एवढ्यावर राहिलेली वर्षं निघतील." मग त्यांनी मान किंचित डावीकडे केली. "मधुरा कशी आहे?"

बरी आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी सकाळचा तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर आठवेना. त्या वाट बघत होत्या.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग इथे काय करताय?"

नमस्कार करायचाही राहून गेला. स्कूटर काढून मी थेट घरी आलो. मधुरा ओट्यावर वह्या तपासत बसली होती. लाल पेन दातांत धरलेलं. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "मधुरा, तू कशी आहेस?"

तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग परत माझ्याकडे. मला दोनदा वाटलं काहीतरी बोलून टाकावं, पण मी गप्प राहिलो.

"मला नीट सांगता येणार नाही," ती शेवटी म्हणाली, आणि वह्यांचा गठ्ठा उचलून तिने शेजारी जागा केली. "वेळ लागेल. बस."